सायटेशनचा हिशोब आणि कॅज्युअल्टीचं रजिस्टर

इमर्जन्सी मेडिसिनच्या एखाद्या जर्नलला दहा-पंधरा वर्षं झाली की त्यातल्या लेखनाचं ग्रंथमितीय विश्लेषण हमखास छापून येतं. त्याचा साचा ठरलेला आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमधून त्या जर्नलच्या सगळ्या लेखांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि तक्ते मांडायचे: कोणत्या वर्षी किती लेख, एका लेखामागे लेखक किती, देश कोणते, संस्था कोणत्या, सर्वाधिक सायटेशन कुणाच्या पदरात. शेवटी लायडन विद्यापीठात तयार झालेल्या व्हीओएसव्ह्यूअर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एक रंगीत नकाशा काढायचा. 'कार्डियाक अरेस्ट'चं मोठं वर्तुळ, त्याला चिकटून 'सेप्सिस' आणि 'ट्रॉमा', बाकी सगळीकडे पसरलेले बारीक ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. नकाशा देखणा असतो यात वाद नाही.

वाद आहे तो त्याच्या उपयोगाबद्दल. एक बाजू म्हणते, ही निव्वळ कारकुनी आहे. रात्रपाळीत सेंट्रल लाइन टाकणाऱ्या डॉक्टरला तिचा काडीचा उपयोग नाही. दुसरी म्हणते, जी शाखा स्वतःकडे आकड्यांतून बघत नाही तिला आपण कुठे कमी पडतो हे कळणारच नाही. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण तिने आजवर स्वतःचं काम नीट केलं आहे असं मात्र म्हणवत नाही.

आधी हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते पाहू, कारण अर्धी मेख तिथेच आहे. उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये हजार-दोन हजार ओळी असतात. त्यात 'पाटील एस' हे नाव आलं की हा सुनील, संगीता, शैलेश की आणखी कोण, हे यंत्राला कळत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरबाई दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. संस्थांचं तर विचारूच नका. 'केईएम हॉस्पिटल' मुंबईत परळला आहे आणि पुण्यात रास्ता पेठेतही आहे. एक महापालिकेचं, दुसरं ट्रस्टचं. 'बी. जे. मेडिकल कॉलेज' पुण्यात आहे, तसंच अहमदाबादेतही आहे. 'जीएमसी' म्हटलं की नागपूरकर आपल्या मेडिकलकडे बोट दाखवेल आणि गोवेकर बांबोळीकडे. त्यात बॉम्बेचं मुंबई झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, म्हणजे एकाच कॉलेजचे लेख दोन गावांच्या नावावर. हे सगळं हाताने निस्तरायला आठवडे लागतात. ज्या शोधनिबंधात 'नोंदी स्वच्छ करून घेतल्या' एवढं एकच वाक्य असतं, त्यातला 'सर्वाधिक लेखन करणाऱ्या दहा संस्था' हा तक्ता मी तरी चिमूटभर मीठ घेऊनच वाचतो.

हे शास्त्र मुळात ग्रंथपालांचं, आणि त्याच्या पायाभरणीत आपलाही एक दगड आहे. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पाच्या परिषदेत ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि तिला 'लिब्रामेट्री' म्हटलं. 'बिब्लिओमेट्रिक्स' हे नाव ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये दिलं. दरम्यान फिलाडेल्फियात यूजीन गारफील्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला होता आणि त्यात कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवण्यासाठी इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित बसवलं होतं: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाली, भागिले त्या लेखांची संख्या. कपाटात कोणतं जर्नल ठेवायचं, एवढ्याच प्रश्नासाठी केलेलं हे माप होतं. माणसाची बढती त्यावर ठरेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नसावं.

ग्रंथमितीची बाजू मात्र पोकळ नाही. मुंबईतल्या केईएम आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. मोफत ऑनलाइन झालेल्या सुरुवातीच्या भारतीय वैद्यकीय जर्नलांपैकी ते एक. जर्नलशी संबंधितांनी मग स्वतःच्याच सायटेशनचा हिशोब मांडला आणि दाखवून दिलं की लेख सगळ्यांना खुले झाल्यावर त्यांची दखल वाढली. अगदी जुने, धूळ खात पडलेले लेखही लोक उद्धृत करू लागले. हे जर्नल इमर्जन्सी मेडिसिनचं नाही, पण धडा लागू आहे. त्या मंडळींपुढे एक नेमका प्रश्न होता: दार उघडलं तर माणसं आत येतात का? त्याचं उत्तर मोजणीतून मिळालं आणि त्या उत्तरावर धोरण ठरवता आलं. ग्रंथमिती शोभते ती अशा कामाला.

इमर्जन्सी मेडिसिनला तर या आरशाची गरज इतरांहून जास्त आहे, कारण ही शाखा वयाने लहान. अमेरिकेत तिला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली १९७९ मध्ये, भारतात मेडिकल कौन्सिलने ती दिली २००९ मध्ये. तोवर आपल्याकडे कॅज्युअल्टी म्हणजे बाकीच्या विभागांची ओसरी. सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीतला ड्यूटीवरचा डॉक्टर, रुग्ण बघणार, सर्जरी की मेडिसिन ते ठरवणार आणि वर पाठवणार. अशा शाखेची जर्नलं काय छापतात, कुणाचं छापतात, कोणत्या आजारांकडे पाठ फिरवतात, हे तपासणं म्हणजे शाखेची प्रकृती तपासणंच आहे.

त्या रंगीत नकाशात मला बघायचे असतात ते लहान ठिपके. २०२० साली 'ई-लाइफ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, बरीचशी रुग्णालयाचं तोंड न पाहिलेली. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत तिथल्या सरकारी रुग्णालयाने जे पाहिलं, तेवढ्या प्रमाणावर फवारणीची विषबाधा बोस्टन किंवा मेलबर्नच्या इमर्जन्सी विभागाला दिसणं अशक्य. आता जगभरातल्या नावाजलेल्या जर्नलांचे नकाशे त्या विभागांच्या नजरेतून बनतात. म्हणून तिथे 'कार्डियाक अरेस्ट' मोठं आणि 'घोणस' जवळजवळ अदृश्य. ग्रंथमितीने हे दाखवलं तर तिचे आभारच मानले पाहिजेत.

पण नुसती ग्रंथमिती हे दाखवत नाही. छापलेल्या लेखांत सर्पदंशावरचे लेख दोन टक्के निघाले, असं समजा. दोन टक्के हे कमी की जास्त? ते ठरवायला शेजारी दुसरा कागद हवा: कॅज्युअल्टीचं रजिस्टर. नाव, वय, आल्याची वेळ, तक्रार, एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) असल्यास नंबर आणि शेवटच्या रकान्यात 'दाखल', 'रेफर' किंवा 'ब्रॉट डेड'. या रजिस्टरातलं प्रमाण आणि जर्नलातलं प्रमाण शेजारी ठेवलं की आकड्याला अर्थ येतो. आज निघणाऱ्या बहुतेक विश्लेषणांत हा दुसरा कागद नसतो. लेखांची तुलना लेखांशी, जर्नलांची जर्नलांशी. रुग्ण या हिशोबात कुठेच येत नाही.

आता विरोधकांच्या बाजूने, आणि ती बाजू जड आहे. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये सायटेशनचं माप जितकं फसवं ठरतं तितकं फार थोड्या शाखांत ठरत असेल.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कोकणातला लाल विंचू चावला की विषाने शरीरातली ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्यं उसळतात, रक्तदाब भडकतो, पुढे हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि धडधाकट पोर काही तासांत हातचं जातं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी हा क्रम टिपला. १९८२ पासून त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये येऊ लागली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. पुढे २०११ साली 'बीएमजे'त त्यांनी ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले, नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. आपत्कालीन वैद्यकाचं याहून अस्सल उदाहरण शोधूनही सापडायचं नाही. पण इमर्जन्सी मेडिसिनच्या कोणत्याही जर्नलचं विश्लेषण करा, हे लेख त्यात येणार नाहीत, कारण ते त्या जर्नलांत छापलेलेच नाहीत. सुरुवातीच्या काळात तर ही शाखाच आपल्याकडे मान्य नव्हती. शाखेचं जे सर्वोत्तम ते मोठ्या सर्वसाधारण जर्नलांकडे जातं आणि उरलेल्यावरून शाखेची उंची मोजली जाते.

दुसरं उदाहरण कॅनडाचं. घोटा मुरगळून आलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढायचा का? इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी ७५० रुग्ण तपासून १९९२ साली 'ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'मध्ये नियम मांडला. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का, एवढं बघा. दोन्ही ठीक असेल तर घोट्याचा एक्स-रे नको. ओटावाच्या एका रुग्णालयात हा नियम लागू केल्यावर घोट्याचे एक्स-रे २८ टक्क्यांनी कमी झाले. आज जगभर इंटर्नसुद्धा हा नियम वापरतो. तो वापरणाऱ्या लाखो डॉक्टरांपैकी शोधनिबंध लिहून तळटीप देणारे किती? या लेखाला सायटेशन भरपूर मिळाली हे खरं, पण ज्याच्यासाठी तो लिहिला गेला तो वाचक मोजणीच्या बाहेरच आहे. तो केसपेपर लिहितो, पेपर लिहीत नाही.

शिवाय सरासरी हा प्रकारच लबाड. पेर सेग्लेन यांनी १९९७ साली 'बीएमजे'त दाखवलं होतं की सर्वाधिक उद्धृत होणारे १५ टक्के लेख एकूण सायटेशनपैकी निम्मी खेचून नेतात. एका लेखाने काय होतं पाहा: स्फटिकशास्त्रातल्या 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागात २००८ मध्ये एका सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणारा लेख आला. ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येक जण तो उद्धृत करू लागला आणि पुढच्या वर्षी त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपासून ४९ च्या वर गेला. बाकीचे लेखक एका रात्रीत विद्वान झाले असतील असं वाटत नाही. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये हे काम मार्गदर्शक सूचना करतात. युरोपीय पुनरुज्जीवन परिषदेच्या सूचना दर काही वर्षांनी 'रिससिटेशन' या जर्नलमध्ये येतात आणि हृदय बंद पडण्यावर लिहिणारा प्रत्येक जण त्या उद्धृत करतो. त्यात गैर काही नाही. फक्त त्या आकड्यावरून त्याच अंकातल्या इतर लेखांची प्रत जोखू नये.

सर्वांत अवघड उदाहरण सेप्सिसचं, आणि तिथे मला दोन्ही बाजूंना थोडं थोडं थांबवावंसं वाटतं. २००१ मध्ये इमॅन्युएल रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी डेट्रॉइटमधल्या इमर्जन्सी विभागातली २६३ रुग्णांवरची चाचणी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापली. पहिल्या सहा तासांत ठरावीक लक्ष्यं गाठत उपचार केले तर मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर येतात, असा निष्कर्ष होता. लेख हजारोंनी उद्धृत झाला, जगभरचे प्रोटोकॉल बदलले. मग २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधून तीन मोठ्या चाचण्या आल्या, मिळून चार हजारांवर रुग्ण, आणि तिन्हींत त्या पद्धतीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे सायटेशनचा डोंगर वाळूवर उभा होता? विरोधक तसं म्हणतील. पण त्या तीन चाचण्यांतल्या 'नेहमीच्या उपचारां'चा दर्जाच तोवर वर आला होता. सेप्सिस लवकर ओळखा, अँटिबायोटिक लवकर द्या, सलाइन वेळेत सुरू करा, हे सगळीकडे अंगवळणी पडलं होतं आणि त्यात २००१ च्या लेखाचा हात मोठा होता. लेखातला उपचार टिकला नाही, त्याने लावलेली सवय टिकली. हे सायटेशनच्या आकड्यातून कळतं का? नाही. समर्थनाचं सायटेशन आणि खंडनाचं सायटेशन, दोन्हींना हिशोबात एकच गुण. पण तो आकडा नसता तर या लेखामागे एवढं काहीतरी घडलंय, जरा खोलात जाऊन पाहावं, हे तरी आपल्याला कुणी सांगितलं असतं? आकडा बोट दाखवतो. तिथवर जाऊन बघण्याचं काम माणसाचं.

मोजणी नको म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारायला हवी. आकडे काढून टाकले तर उरतं काय? उरतात ओळखीपाळखी, मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजचं वजन, परिषदेत शेजारी बसलेले साहेब. जिल्ह्याच्या ठिकाणी राबणाऱ्या तरुण डॉक्टरला निदान आकड्यांचा आधार असतो: माझे एवढे लेख, एवढ्यांनी त्यांची दखल घेतली. 'सरांच्या मते' या निकषापुढे तो आधार लहान नाही. मोजणीवर रागावणाऱ्यांत ज्यांना मोजणीची गरजच नाही अशी मंडळी बरीच असतात, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

मात्र हाच आधार गळफास कसा होतो ते आपण पाहिलं आहे. वैद्यकीय शिक्षकाच्या बढतीला शोधनिबंधांची अट आहे. २०१५ साली मेडिकल कौन्सिलने काढलेल्या परिपत्रकाने केस रिपोर्टला त्यात जागा ठेवली नाही आणि केवळ ऑनलाइन निघणारी जर्नलंही वगळली. पुढे नियम बदलत गेले, पण आकड्याची सक्ती गेली नाही. इमर्जन्सीमध्ये नव्या विषाची, नव्या लक्षणाची पहिली चाहूल पुष्कळदा एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या नोंदीतूनच लागते. तीच नोंद कागदावर बिनमोलाची ठरली. सक्ती आली की बाजारही आला. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या १००९ जर्नलांची छाननी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या आणि इतर अभ्यासकांनी केली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निकाल मांडला. निकषांत बसली फक्त ११२. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा आयएसएसएन चुकीचा, आणि कित्येकांनी इम्पॅक्ट फॅक्टरही परस्पर छापून टाकलेला.

त्यात भर म्हणजे ग्रंथमितीय विश्लेषण हाच आता बढतीचा सोपा रस्ता होऊ पाहतोय. एथिक्स कमिटीपुढे जायला नको, रुग्णाची संमती नको, फॉलो-अप नको. संगणक, डेटाबेसचा पासवर्ड आणि चार निवांत संध्याकाळी पुरतात. संशोधनाची मोजणी करणारे लेख संशोधनाच्या आकड्यात जमा होतात आणि पुढच्या मोजणीत पुन्हा मोजले जातात. याला अभ्यास म्हणायला जीभ रेटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली ठरलेल्या 'डोरा' जाहीरनाम्याने सांगितलंच आहे की जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं मोल ठरवू नये. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यानेही मोजणी जाणकारांच्या निर्णयाला पूरक असावी, त्याच्या जागी नसावी, असं म्हटलं. तत्त्वाचं भांडण तिथे मिटायला हरकत नव्हती. व्यवहारात ते मिटत नाही, कारण आकडा वाचायला दोन सेकंद लागतात आणि लेख वाचायला तासभर.

माझं मत असं, की जर्नलांनी स्वतःचं विश्लेषण जरूर करावं, पण त्यात व्यक्तींची क्रमवारी लावू नये. 'सर्वाधिक लेखन करणारे दहा लेखक' हा तक्ता काढून टाकला तर संपादकाचं काही अडत नाही. अडतं ते फक्त त्या दहा जणांच्या बायोडेटाचं. संस्थांची नावं हाताने तपासावीत आणि तपासलेली फाइल सर्वांना खुली ठेवावी, म्हणजे पुण्याचं केईएम मुंबईच्या खात्यात गेलं असेल तर कुणीतरी हाक मारून सांगेल. विषयांचा नकाशा काढताना दोन-तीन रुग्णालयांतली कॅज्युअल्टीची रजिस्टरं शेजारी ठेवावीत, त्यांतलं एक तरी जिल्हा रुग्णालयाचं असावं. महाराष्ट्रात १०८ च्या रुग्णवाहिका कुणाला, कशासाठी उचलून आणतात याच्याही नोंदी असतातच.

आणि एक माहिती अशी आहे की जी स्कोपसमध्ये कधीच सापडणार नाही, पण प्रत्येक संपादकाच्या संगणकात पडून असते: नाकारलेल्या लेखांची यादी. छापून आलेल्यांची मोजणी म्हणजे चाळणीतून खाली पडलेल्या धान्याची मोजणी. चाळणीत काय अडकलं ते संपादकालाच ठाऊक. जिल्हा रुग्णालयांतून आणि ग्रामीण कॉलेजांतून किती लेख आले, किती परत गेले, त्यांतले किती परीक्षकाकडे न पाठवताच परत गेले आणि कारण काय दिलं: आकडेवारी कच्ची, इंग्रजी कच्चं, की 'आमच्या वाचकांना या विषयात रस नाही'? लेखकांची नावं न देता हे सहज छापता येईल. सर्पदंशावरचे लेख कमी का, याचं उत्तर लिहिणारेच कमी आहेत हे असेल तर उपाय प्रशिक्षणाचा. लिहिणारे आहेत पण दारातून परत जातात हे असेल तर उपाय संपादक मंडळाच्या बैठकीत शोधावा लागेल. आजच्या विश्लेषणांवरून या दोहोंतलं खरं कोणतं हे सांगता येत नाही, आणि ते सांगू शकणाऱ्या संपादकांना अजून कुणी विचारलेलंही दिसत नाही.